एकवीस पावलं

धनजच्या शिवारात चोरी झाली, की ठाण्यातून उकंडराव जमादारांनाच धाडत. माग काढण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. ओल्या बांधावरचं पाऊल बघून माणूस घाईत होता की डोक्यावर ओझं होतं, हे ते सांगत. त्या सकाळी मात्र पंजाबरावाचा फोन आला तो वेगळाच.

"चोरी नाई जी. काईच गेलं नाई. पण कोन आलं, तेच समजून नाई राह्यलं."

सोयाबीन निघालेलं वावर पंजाबरावानं हरभऱ्यासाठी आदल्या सांजेला वखरून ठेवलं होतं. काळी, भुसभुशीत माती. तिच्या अगदी मधोमध अनवाणी पावलं उमटली होती. बांधावरून आत जाणारं एकही पाऊल नव्हतं, बाहेर येणारंही नव्हतं. मधेच सुरू होऊन मधेच संपलेली. एकवीस.

पंजाबरावाची बायको पंचफुला बांधावर पदर खोचून उभी होती. "करनीबिरनी असन तर आताच सांगा साहेब. बारा वाजता ट्रॅक्टर येते. मी त्या मातीत बी नाई पडू देत."

"तुमी 'काई नाई' म्हनलं का मी पेरतो," पंजाबराव म्हणाला.

"म्हंजे जमादाराचं आयकते! मी काय वीस वर्स भिताडाशी बोलून राह्यली?"

उकंडराव हसले आणि टेप घेऊन आत गेले. पहिल्या पावलाजवळ उकिडवे बसले. लांबी नऊ इंच. बाईचं पाऊल. डाव्या पायाची टाच उजवीपेक्षा खोल रुतलेली, कमरेवर घागर घेऊन चालणारीची रुतते तशी. आणि त्याच पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं.

टेप त्यांच्या हातून सुटून सरकन आत गेली.

त्यांच्या बायकोला, रुख्मिणीला, जाऊन तीन वर्षं झाली होती. असा पाय पंचक्रोशीत आणखी कोणाचाही असू शकतो, हे त्यांना कळत होतं. कोर्टात वकिलानं पहिलं तेच विचारलं असतं. पण दुसऱ्या कोणाचा असता, तरी तो वावराच्या मधोमध उतरला कुठून?

एकदा तिनं अंगण सारवलं होतं आणि विसरून ओल्यातूनच चालत गेली होती. ते ड्युटीवर निघाले होते. "चोर सापडला," ते ठशाकडे बोट दाखवून म्हणाले. ती म्हणाली, "चोरायचे पाय पाहाले गावोगाव जाता. एक डाव माह्या संगं चालून त पाहा."

"यात्रेले जाऊ," ते म्हणाले होते.

यात्रेला ते गेले, पण बंदोबस्ताला. वळणावर काठी घेऊन उभे असताना गर्दीतून ती समोर आली. हातात प्रसादाची पिशवी. क्षणभर थांबली. मागून लोंढा येत होता. त्यांनी शिट्टी फुंकली. "चला, चला, थांबू नका."

ती चालू लागली.

ऊन चढत होतं. दूर रस्त्यावर ट्रॅक्टरचा आवाज आला. उकंडरावांनी बूट काढले, मोजे काढले, पँट दोन घड्या वर घेतली आणि बूट हातात घेतले. वखरलेली माती वरून तापलेली आणि खाली गार होती. घागर असायची त्या डाव्या बाजूला ते उभे राहिले आणि तिच्या पावलाशेजारी आपलं पाऊल टाकलं. त्यांची ढांग मोठी. ती आखडावी लागली. दोन-तीन पावलांनंतर जमलं.

विसाव्या पावलाला ते रेंगाळले. एकविसावं टाकून थांबले. पुढे कोरी माती होती. शेजारी कोणीच नव्हतं.

ते बांधावर आले, बूट बाजूला ठेवले आणि पंचनाम्याचा कागद लिहिला.

"काय लिवलं?" पंजाबरावानं विचारलं.

"अनवाणी स्त्रीची पावलं, एकवीस. शेजारी अनवाणी पुरुषाची, एकवीस. कोठून आली, कोठे गेली, आढळून आले नाही."

"अवो, पुरुषाचे त तुमचे होत! आमच्या डोयासमोर उमटले!"

"हाव. जागेवर जे दिसते तेच लिवा लागते."

पंजाबरावानं कपाळावर हात मारला. पंचफुला मात्र त्यांच्या मातीनं भरलेल्या पायांकडे पाहत होती. कागद तिनंच आधी घेतला आणि साक्षीदार म्हणून सही केली.

"पेरायचं का मंग?" तिनं हळू आवाजात विचारलं.

नाही म्हणणं त्यांच्या हातात होतं. आणखी एक दिवस तपासाला हवा, असं म्हटलं असतं तर ट्रॅक्टर परत गेला असता. ठसे उद्यापर्यंत राहिले असते, परवापर्यंतही.

"पेरा," ते म्हणाले. "काई वाईट नाई त्या मातीत."

ट्रॅक्टर कडेला येऊन थांबला होता. पंचफुलानं ड्रायव्हरला हाक मारली, "इकून नको बापा. तिकून, नाल्याच्या बाजूनं सुरू कर. इकडं सगळ्यात शेवटी ये."

उकंडराव बांधावर बसून पायांची माती झटकू लागले. थोडी झटकली. मग तशाच पायांवर मोजे चढवले आणि नाल्याकडून पेरणीचं एकेक तास ओढत अलीकडे येणाऱ्या ट्रॅक्टरकडे पाहत बुटांच्या नाड्या बांधू लागले, हळूहळू, एकेक.