आप्पांसाठी आणलेलं कार्टून

आमच्या घरात टीव्हीवर फक्त कार्टून चालायचं, आणि तेही माझ्या वडिलांसाठी. आप्पा फौजेतून निवृत्त झालेले. समुद्रापलीकडे लढायला गेले होते, तिथलं त्यांना काही आठवत नाही, असं आई सांगायची. म्हणून बातम्या बंद, मारामारीचे सिनेमे बंद. "आठवलं तर मानूस हातचा जाईल," म्हणायची.

मला ते पटायचं. मी पाचवीत असताना दारावरून जाणाऱ्या जयंतीच्या मिरवणुकीत फटाके वाजले, तेव्हा आप्पांनी मला ओढून कॉटखाली घातलं आणि तोंड दाबून धरलं. श्वास घेता येईना. आईनं कसाबसा तो हात सोडवला. दुसऱ्या दिवशी आप्पा मलाच विचारत होते, गालाला काय लागलं गं?

पुढं सणसवाडीला कंपनीत पॅकिंगला लागल्यावर मी पगार झाला की त्यांच्यासाठी सीडी आणायची. दुकानदार परप्रांतातला. एकदा त्यानं नवी सीडी पुढं केली. "कार्टून है, ले जाओ," म्हणाला. मीही मोठी शहाणी, कव्हरवरची रंगीत बस बघितली आणि सीडी पिशवीत टाकली.

आई शिरूरच्या बाजाराला गेली होती. मी आप्पांना टीव्हीसमोर बसवून सीडी लावली. त्यात होता लढाईवरून परतलेला एक बसड्रायव्हर. त्याच्या रस्त्यावर एक गाव लागायचं. घरं रंगवलेली, विहीर रंगवलेली, माणसं मात्र कोरी, नुसत्या पांढऱ्या आकृत्या. प्रवासी त्याला विचारायचे, इथं काय झालं होतं? तो म्हणायचा, मला आठवत नाही. मग एकेका माणसात आपोआप रंग भरायला लागला. सगळ्यात आधी लाल.

मी टीव्हीकडं बघतच नव्हते, आप्पांच्या हातांकडं बघत होते. रिमोट हातात धरून हळूहळू उंबऱ्यापर्यंत सरकले. आपल्याच बापाला भ्यायचं म्हणजे काय, ते भोगल्याशिवाय कळत नाही.

"आप्पा, बदलू का?" मी उंबऱ्यावरूनच विचारलं.

"ऱ्हाऊ दे."

ड्रायव्हर पुन्हा म्हणाला, मला आठवत नाही. आप्पा हसले.

"खोटं बोलतंय बेनं. समदं आठवतंय त्याला."

"तुम्हाला काय माहीत?"

"असलं कुनी इसरत न्हाई, पोरी. मीबी न्हाई इसरलो."

इतकी वर्षं त्यांना आठवेल म्हणून आम्ही जिवाला घोर लावून घेतला होता. आणि ते तर आमच्या शेजारी बसून, आमच्याबरोबर जेवून, ते सगळं एकटेच बघत होते. मी कॉटखाली होते तेव्हापेक्षाही जास्त घाबरले.

बाहेर आईच्या चपला वाजल्या. आप्पांनी उठून माझ्या हातातला रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला.

"तिला सांगू नगं," ते हळूच म्हणाले. "मी इसरलोय म्हनून तिला तरी झोप लागती."