दिसायच्या आधी दाबायचं

भाच्याचा फोन आला तेव्हा मी परीक्षेचे पेपर तपासत बसले होते. "मावशी, बाबा गेले," एवढंच तो बोलला. कुठं, कसं ते नंतर कळलं, आणि कळल्यावर रडू यायच्या आधी मला राग आला. चन्नबसप्पा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान, आमचे दाजी, धाराशिवच्या बसस्टँडसमोर चहाच्या हॉटेलाबाहेर बाकड्यावर बसल्या बसल्याच गेले. मांडीवर कॅमेरा, नजर रस्त्याकडं. हॉटेलवाल्यानं त्यांना तसं बसलेलं इतक्यांदा पाहिलं होतं, की पुढ्यातला चहा गार झाला तरी त्याला वावगं वाटलं नाही. "फोटोची वाट बघत्यात म्हणून हलवलं न्हाय, ताई," तो हात जोडून म्हणाला. त्या बिचाऱ्याला काय बोलणार? ही सवय साऱ्या गावाला दाजींनीच लावली होती...

दाजींचं बाजारात भांड्यांचं दुकान. गिऱ्हाईक कुकर हातात घेऊन उभं, आणि हे पायरीवर येऊन समोरचा हमाल ट्रकमधून पोतं कसं झेलतो ते बघत. गिऱ्हाईक कंटाळून निघून जायचं, हमालाचाही फोटो निघायचा नाही. कॅमेरा जुना, रोलचा. रोल पुण्याहून मागवायचे. कधी यायचा, कधी पत्ताच नसायचा. म्हणून एकेक फोटो जिवापाड जपून. बरं, फोटो तरी कसले? देऊळ नको, डोंगर नको, नटूनथटून उभं राहिलेलं माणूस तर नकोच. उडी मारणारा, निसटणारा, धावत्या एसटीचा दांडा पकडणारा, असंच काहीतरी हवं. एकदा येडशीच्या स्टेशनावर प्लॅटफॉर्मच्या कडेला एक शेळी उभी होती. ती उडी मारणार म्हणून हे थांबले. गाडी आली, अक्का ओरडली, मी दंडाला धरून ओढलं. दाजी कानडीत "तडी, तडी", थांब, थांब म्हणत राहिले, आणि गाडी गेली. फोटोत काय आलं? रिकामा प्लॅटफॉर्म आणि कोपऱ्यात शेळीचं शेपूट.

"दाजी, मोबाइल घ्या की," मी वैतागून म्हटलं, "सटासट काढा, त्यातला एखादा येईलच."

"दिसल्यावर दाबलं की गेलं गं ते," ते म्हणाले. "दिसायच्या आधी दाबायचं."

"मग दिसलं हे कळणार कधी?"

"रोल धुतल्यावर."

असल्या माणसाशी काय वाद घालायचा!

सगळ्यात मोठं रामायण झालं ते आमच्या आईवरून. ती माकणीहून डोळे दाखवायला आली होती. बाजारात एका ठिकाणी गटारावरची फरशी निघाली होती. दाजी केव्हापासून पलीकडच्या बाजूला ठाण मांडून होते, कुणीतरी उडी मारील म्हणून. पण माणसं शहाणी, वळसा घालून जात होती. आई आली. तिनं जावयाला पाहिलं, इकडून तिकडून अंदाज घेतला, लुगडं वर खोचलं आणि आधाराला हात पुढं केला. या गृहस्थानं हात द्यायचा सोडून कॅमेरा डोळ्याला लावला! आई उडी मारून पलीकडं पडता पडता सावरली. मी मागं पिशव्या घेऊन उभी. भर बाजारात दाजींना काय काय बोलले, ते इथं लिहिण्यासारखं नाही. ते मात्र कॅमेऱ्याकडं बघत म्हणाले, "शेवटचाच होता रोलातला."

दाजींनी घरीच रोल धुऊन फोटो केला. आई हवेत, दोन्ही पाय जमिनीपासून सुटलेले, एक चप्पल निघून मागं राहिलेली, पुढं केलेला हात रिकामा. आणि तोंड उघडं... भीतीनं म्हणावं, तर डोळे हसत होते. वडील गेल्यापासून आमच्या घरात कुणी आईला असं पाहिलं नव्हतं. पण ती भडकली. "माझी अब्रू काढली चौकात," म्हणाली आणि जावयाशी बोलणंच टाकलं. दाजींनी फोटो मुकाट्यानं कपाटात ठेवला. अक्का दोघांच्या मधे निरोप पोचवून थकली. मीही दाजींवर धुमसत होतेच.

पुढं आई अंगणात पडली, मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पुन्हा तिला नीट उभं राहता आलं नाही. माकणीच्या घरात खाटेवर पडून ती भिंतीकडं तोंड करून असायची. जेवायला बोलावलं तरी वळायची नाही. एक दिवस मला म्हणाली, "जावईबापूला सांगावा धाड. त्यो फोटू घिऊन या म्हणावं."

दाजी त्याच दिवशी एसटीनं आले. आईनं फोटो दोन्ही हातांनी धरला, लांब केला, जवळ आणला. मग वर बघून एवढंच म्हणाली, "एकच काढला व्हय?" तेव्हापासून भेटायला कुणीही येवो, आई उशीखालून फोटो काढायची. "बगा, म्याच हाय. दोनी पाय वर हायत, कुटं टेकलं न्हाईत." शेवटपर्यंत तिचं हेच चाललं. मला अजून राग येतो की हात द्यायला हवा होता. आणि हेही खरं, की तो दिला असता तर आईला ते शेवटचं वर्ष काढता आलं नसतं. या दोन्हीचा मेळ मला घालता येत नाही, आणि विचारायला आता दाजी नाहीत.

गेल्या आठवड्यात अक्काकडं गेले होते. तिथलं न्हाणीघर म्हणजे दाजींची रोल धुवायची जागा. उजेड लागला की रोल जातो, म्हणून झरोक्याच्या काचेला त्यांनी काळा रंग फासलेला, त्यामुळं घरातल्या सगळ्यांनी वर्षानुवर्षं भरदिवसा दिवा लावून अंघोळी केल्या. दाजी आत असले, की पाहुण्यांनीसुद्धा टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर ताटकळायचं. "खरवडून टाक बाई तो रंग," अक्का म्हणाली, "आता कुणासाठी ठेवायचा?" मी स्टुलावर चढले, जुन्या सुरीनं खरवडू लागले. रंगाचे पापुद्रे बादलीत पडायला लागले. अर्धी काच मोकळी झाली तसं ऊन आत आलं, भिंतीवरचे रोल धुवायच्या औषधाचे तपकिरी डाग दिसले, दोरीला लटकलेले लाकडी चिमटे दिसले. अक्का दारात उभी होती.

"बास कर," ती म्हणाली.

"अगं, अर्धीच झालीय."

"राहू दे. लई उजेड झाला."

मी चिडून काहीतरी बोलणार होते. पण तिनं माझ्या हातातली सुरी काढून घेतली आणि नेहमीसारखा आतला दिवा लावला.