मिडलिंग

कापसाच्या तेजीत मी अकोल्याला एका गोऱ्या व्यापाऱ्याकडे कापूस पारखायला होतो. उत्तमही नाही आणि वाईटही नाही अशा कापसाला साहेब ‘मिडलिंग’ म्हणायचा. तो शब्द माझ्या जिभेवर असा बसला की एकदा बायकोच्या वांग्याच्या भाजीलाही मी मिडलिंग म्हणालो. तिनं अर्थ विचारला, मी मूर्खासारखा सांगितला. दोन दिवस ती बोलली नाही.

पुढे एका सकाळी ती अंथरुणातून उठलीच नाही. कशी आहेस, विचारलं.

“मले काय झालं? मिडलिंग हाये,” ती हसून म्हणाली.

विकणाऱ्याच्या शब्दावर मी कधी कापूस घेतला नव्हता. पोत्यात हात घालूनच बघायचो. तिच्या कपाळावर हात ठेवला. तव्यासारखं तापलं होतं.

तिनं तो हात तिथंच धरून ठेवला.