मुळ्याची रेकॉर्ड आणि माझं निधन

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी दुपारी मी वारलो. त्या वेळी झोपेत असल्यामुळे मला ते सगळ्यांत शेवटी कळलं.

याला कारण द्राक्षं. माझा मावसभाऊ नामू कवठे महांकाळला असतो. त्याची द्राक्षाची बाग आहे आणि मोबाईलवर काही शोधायचं म्हटलं की त्याला घाम फुटतो. त्यानं एकदा फोनवर फर्मावलं, "दादा, तू शिकलेला हायस. जपानी लोक द्राक्षाची विरळणी कशी करत्यात, तेवढं बघून सांग की!"

मी बघायला बसलो. एक जपानी आजोबा इवल्याशा कात्रीनं घडातला एकेक मणी असा काढत होते, की जणू नातवाचं जावळ काढतायत. बघता बघता माझा डोळा लागला. आजोबा संपले आणि मोबाईलनं आपल्या मनानं पुढचं काहीतरी लावलं. आधी एक घंटा वाजली. मग पाच मिनिटं नुसतं घूंऽऽ, पाणी गेलेल्या बोअरच्या मोटारीसारखं. मग कुणीतरी पायाचं बोट ठेचल्यागत किंचाळलं आणि ढोल, गिटार, बासरी, ऑर्गन सगळं एकदम अंगावर आलं. मी खुर्चीत ताठ!

मी मलकापुरात कॉलेजच्या मुलांना भूगोल शिकवतो. पंचवीस वर्षं मी जपान शिकवला. भूकंप शिकवले, ज्वालामुखी शिकवले, मासेमारी तर आकृत्या काढून शिकवली. पण तिथली पोरं पन्नास वर्षांपूर्वी केस वाढवून असलं काही वाजवत होती, हे क्रमिक पुस्तकात कुठंही नव्हतं! याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात, आणि त्यातलं जास्त चक्रावलेलं असेल त्याला सायकेडेलिक, हे मला नंतर कळलं. एक गाणं वीस मिनिटांचं. या नादातला नियम असा, की रेकॉर्ड जितक्या कमी लोकांनी ऐकलेली, तितकी ती थोर. त्या हिशेबानं आमच्या गल्लीत मी एकटाच थोर होतो.

सांगलीच्या सासऱ्यांचा जुना रेकॉर्ड प्लेअर मी उचलून आणला. बाजू संपली की त्याचा हात आपोआप उठायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. (हे लक्षात ठेवा. माझा जीव त्यानंच घेतला.) रेकॉर्डी मिळायच्या ओसाकाच्या केंजी-सान नावाच्या म्हाताऱ्याकडून. आमचं बोलणं मोबाईलच्या भाषांतरावर चालायचं. एकदा मात्र व्हिडिओ कॉल लागला आणि भाषांतर बंद पडलं. मी गडबडून आपल्या गावच्या भाषेत ओरडलो, "रेकॉर्ड हाय का?"

केंजी-सान मान लववून म्हणाले, "हाय!"

"नक्की हाय?"

"हाय, हाय!"

जपानीत 'हाय' म्हणजे 'हो', हे नंतर समजलं. दोन देशांत एवढं सरळ बोलणं आजवर झालं नसेल.

अशा रीतीनं ती रेकॉर्ड घरी आली. कव्हरवर एक भलामोठा पांढरा मुळा आणि मुळ्याच्या पोटात एक उघडा डोळा. नाव जपानीत, म्हणून घरात ती 'मुळ्याची' झाली. पहिली बाजू नुसती घूंऽऽ, पण दुसऱ्या बाजूवर एक बाई होती. मागं ऑर्गन हुंदके देतोय आणि ही बाई अख्खी बाजूभर गळा काढून एकच शब्द आळवते, "आऽऽहोऽऽ! आऽऽऽहोऽऽऽ!"

"ही कुणाला हाका मारतेय?" माझी बायको सुनंदा म्हणाली.

"तो सूर आहे, सुनंदा. विश्वाच्या पोकळीला घातलेली साद आहे."

"मग पोकळीला म्हणावं, ओ दे एकदा. मला शिकवणीच्या बायकांचे फोन ऐकू येत नाहीत."

इथं खरं दुखणं सांगायला हवं. आमच्या घराला माडीवर एकच खोली. सुनंदाला तिथं शिवणकामाचा वर्ग काढायचा होता. सात बायकांनी नावं दिली होती. तीन मशिनी व्हरांड्यात प्लास्टिक पांघरून वर्षभर उभ्या होत्या, आणि वरच्या खोलीत मी आणि मुळा. सुनंदा भांडली नाही. ती मास्तरांची मुलगी. तिनं सरळ परीक्षा ठेवली.

"अहो, येत्या रविवारपर्यंत या गल्लीतल्या एका माणसानं, एकाच, ही तुमची रेकॉर्ड शेवटपर्यंत ऐकून दाखवावी. खोली तुमची. नाहीतर सोमवारी मशिनी वर."

मला वाटलं, एवढंच ना! दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, मी शेजारच्या तात्यांना गाठलं. तात्या म्हणजे सैन्यातून सुभेदार होऊन आलेले. चार युद्धसरावांत तोफांशेजारी झोपलेला माणूस. चौथ्या मिनिटाला ते म्हणाले, "दिनकर, गाणं कवा सुरू व्हनार?"

"हेच गाणं आहे, तात्या."

"हे? मला वाटलं, मशीन तापतंय." ते चपला घालून निघाले. दारातून वळून म्हणाले, "मनाला काय लागलं असंल तर बोल रं गड्या. असं आतल्या आत ठिऊ ने."

मंगळवारी तात्यांच्या मंडळी हिराकाकू आल्या, त्या दोन मिनिटं बसल्या आणि नजर काढायला मीठ-मोहऱ्या आणते म्हणून गेल्या. बुधवारी, गल्लीतला नसला तरी, नामूला फोनवरून ऐकवलं. तो म्हणाला, "दादा, रेंज न्हाई वाटतं, नुसतं खरखर येतंय." शनिवारपर्यंत गल्लीतले लोक मला बघून रस्ता बदलू लागले.

रविवारी दुपारी सुनंदा मशिनीच्या सुया आणि तेल आणायला स्कूटीवरून कऱ्हाडला गेली. उद्याची तयारी! माझं पित्त खवळलं. गल्ली खोलीत येत नाही काय? मग खोलीच गल्लीत जाईल! मी दोन्ही स्पीकर खिडकीत आणले, तोंडं रस्त्याकडं केली, आवाज शेवटच्या टोकाला नेला आणि मुळ्याची थेट दुसरी, बाईची बाजू लावली.

आता केंजी-साननी सांगितलं होतं, की ही बाजू जमिनीवर सपाट पडून, डोळे मिटून ऐकायची. मी दाराला आतून कडी घातली (चित्त ढळायला नको), जमिनीवर उताणा झालो, वातावरणासाठी उशाशी उदबत्ती लावली आणि डास चावत होते म्हणून डोक्यावरून पांढरी चादर ओढली. हे संगीत माणसाला झोपूच देत नाही, असं मी सगळ्यांना सांगत असे. तिसऱ्या मिनिटाला मी घोरत होतो.

यापुढचं मला गल्लीनं सांगितलं.

आमच्या गल्लीत बायका नवऱ्याला 'आवं' म्हणतात. हिराकाकू 'आवं', कोपऱ्यावरच्या मामी 'आवं', झाडून सगळ्या 'आवं'. स्वच्छ, मास्तरी, सांगलीच्या पेठेतलं 'अहो' म्हणणारी बाई अख्ख्या गल्लीत एकच. आणि त्या दुपारी आमच्या माडीवरून एक बाई ऊर फुटेस्तोवर टाहो फोडत होती, "आऽऽहोऽऽ! आऽऽऽहोऽऽऽ!"

हिराकाकूंच्या हातातलं सूप पडलं. "आवं, उठा! सुनंदा रडतीया! दिनकर भावजी!"

तात्या धावत जिना चढले. दार बंद. "वैनी, दार उघडा!"

"आऽऽहोऽऽ!"

"वैनी, आमी हाय न्हवं! उघडा!"

"आऽऽऽहोऽऽऽ!"

तात्यांनी शिडी लावली आणि खिडकीतून स्पीकरच्या फटीतनं आत पाहिलं. जमिनीवर मी. सरळ. नखशिखांत पांढरी चादर. उशाशी उदबत्तीचा धूर. तात्या शिडीवरच टोपी काढून उभे राहिले; कानाशी कोकलणारे स्पीकर त्यांच्या ध्यानातच आले नाहीत. मग खाली उतरून म्हणाले, "खेळ खतम. आत लय व्यवस्थित ठिवलाय त्येला."

"आन् सुनंदा?"

"कोपऱ्यात बसली आसंल. दिसली न्हाई. दार मोडू नका. रडू द्या तिला, मोकळी होऊ द्या."

आणि गल्ली खाली उभी राहून ऐकू लागली. बाजू संपली. क्षणभर शांतता. "थकली बिचारी," मामी म्हणाल्या. तेवढ्यात प्लेअरच्या हातानं आपलं काम केलं आणि बाईनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. बायकांना हुंदके आवरेनात. जो माणूस सोमवारी चार मिनिटांत उठला होता, तो माझ्या रेकॉर्डची सबंध बाजू उन्हात उभा राहून, डोळे पुसत, लागोपाठ तीनदा ऐकत होता!

हात मात्र रिकामे नव्हते. तात्यांनी लष्करी शिस्तीत कामं वाटली. बांबू आले. मडकं आलं. आमच्या घरी चूल पेटायची नाही म्हणून हिराकाकूंनी पिठलं टाकलं. नामूला फोन गेला, "हाय तसा नीघ." कॉलेजच्या ग्रुपवर माझा फोटो पडला आणि त्याखाली हात जोडलेल्यांची रांग लागली. (त्यांत प्राचार्य पहिले. माझ्या रजेच्या अर्जाला ते आठवडा लावतात.)

एवढ्यात सुनंदाची स्कूटी गल्लीत शिरली.

सगळे तिच्याकडं बघू लागले. मग वर माडीकडं. मग परत तिच्याकडं.

"काय झालं? कोण गेलं?" तिनं विचारलं.

तात्या बांबू धरून जागच्या जागी खिळले. "दिनकर... पण वैनी, तुमी तर वर रडताय!"

"मी? मी कऱ्हाडला गेले होते!"

"मग वर कोण रडतंय?" हिराकाकूंनी तोंडाला पदर लावला. "आवं, आत दुसरीच कोनतरी हाय!"

मी पाच मिनिटांत नुसता मेलो नव्हतो, तर मरणोत्तर बदनामही झालो होतो. पण सुनंदानं ते ऐकलंच नाही. ती तो आवाज रोज ऐकत होती, मुळ्याला चांगली ओळखत होती, तरी त्या घटकेला तिला काही सुचलं नाही. तिनं फक्त बांबू पाहिले. ती जिना कसा चढली ते तिलाही आठवत नाही. मागून तात्यांनी खांदा लावला, कडी तुटली आणि दार धाडकन उघडलं.

मी दचकून चादरीसकट उठून बसलो. दोन माणसं किंचाळत जिन्यावरून खाली गेली. दारात सुनंदा, मागं तात्या, त्यांच्यामागं सगळी गल्ली, सगळ्यांचे डोळे ओले. माझ्या मनात एकच गोष्ट आली. अखेर आले सगळे!

मी विचारलं, "आवडलं का?"

सुनंदा माझ्याजवळ येऊन बसली. सुयांचं पाकीट तिच्या मुठीत चुरगळलं होतं. "अहो," ती म्हणाली. फक्त तेवढंच. मागं ती जपानी बाई अजून तेच म्हणत होती, पण माझ्या बायकोचं ऐकून मला त्या रेकॉर्डची लाज वाटली. सुनंदाचा तसा चेहरा मी बावीस वर्षांत पाहिला नव्हता. मला फार वाईट वाटलं. (थोडं बरंही वाटलं. खोटं का बोला?) मी उठून पहिल्यांदा स्वतःच्या हातानं ती रेकॉर्ड बंद केली.

संध्याकाळी नामू आला. जीपमध्ये आठ माणसं आणि वाटेत मिरजेत छापून घेतलेला भलामोठा फ्लेक्स! फेटा बांधलेला मी, 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली 'शोकाकुल : समस्त द्राक्ष बागायतदार'. जीपमधून गळा काढतच तो उतरला आणि मी त्याच्यापुढं चहाचा कप धरला. तो आधी पांढरा पडला, मग लालबुंद झाला.

"मरायचं न्हवतं तर तसा फोन तरी करायचास की रं दादा! बागंतली फवारणी टाकून आलोय!"

मग सगळे पंगतीला बसलो. माझ्या सुतकाचं पिठलं मी दोनदा मागून घेतलं.

जेवता जेवता तात्यांनी मिशीवरून हात फिरवला. "पण वैनी, खरं सांगू? लय लागली मनाला बाई. सबंध ऐकली आमी."

सुनंदानं माझ्याकडं पाहिलं. पैज मी जिंकलो होतो! एक माणूस मागितला होता, चाळिसांनी ऐकली होती, आणि रडून. खोली माझी होती. पण कोपऱ्यात टेकवलेले बांबू मला दिसत होते आणि तिच्या तळहातावर सुयांचे लाल ठिपकेही. मी म्हणालो, "उद्या मशिनी वर चढवायला तात्यांना बोलावतो." तिनं माझ्या ताटात तिसऱ्यांदा पिठलं वाढलं.

आता वर्ग जोरात आहे. फ्लेक्स चांगला जाड निघाला. बायका तो पालथा अंथरून त्यावर कापड बेततात. माझं तोंड जमिनीकडं असतं. मी जिन्याखाली बसतो, हेडफोन लावून.

राहवेना म्हणून मी केंजी-सानना विचारलं, की ती बाई नक्की म्हणते तरी काय? त्यांचं उत्तर आलं. "बाई आपल्या नवऱ्याला हाक मारते आहे. तो काम सोडून दिवसभर आकाशाकडे बघत बसतो. 'आहो' हा आमच्या ओसाकाचा शब्द आहे. अर्थ : मूर्ख. पण प्रेमाने."

मी ते सुनंदाला वाचून दाखवलं. माझी चूकच ती. तिनं चष्मा वर करून विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे मी बावीस वर्षं बरोबरच बोलत होते की!"

तेव्हापासून माडीवरून हाक येते ती जरा जास्तच खणखणीत येते, आणि पाठोपाठ सात बायकांचं हसू. "अहोऽ!"

मी हेडफोन काढतो आणि जपानीत आणि मराठीत एकदमच खरं उत्तर देतो, "हाय!"