सोमवारची उंची

सापगावात आमच्या शेजारच्या आजोबांइतका संशयी माणूस झाला नाही आणि होणारही नाही. दुकानातून आणलेल्या काडेपेटीतल्या काड्यासुद्धा ते घरी मोजायचे. त्यांच्या नातीच्या, पिंकीच्या, अंगात वाढीचं हार्मोन कमी निघालं आणि रोजचं इंजेक्शन सुरू झालं. पोर रडे, आजोबा तिच्याहून मोठ्याने. मग डॉक्टरांनी आठवड्यातून एकदाच टोचायचं नवं औषध दिलं. सगळ्या घराने हुश्श केलं, पण आजोबांना काही ते पटेना. “आठवड्याचं एकदम? मंग पोर रविवारी वाढंल नि सोमवारपासून बसून राहील काय?”

औषधासाठी घेतलेल्या फ्रीजला त्यांनी कुलूप लावलं आणि किल्ली करदोट्याला बांधली. आजीने दही ठेवू का विचारलं, तर म्हणाले, “दह्याला काय उंची वाढवायचीय?” वीज गेली की कुणी दार उघडू नये म्हणून फ्रीजला पाठ लावून बसत. रविवारी विहारातली वंदना झाली की इंजेक्शन, आणि सोमवारी सकाळी मोजणी. पिंकीला घरातल्या सागाच्या खांबाला टेकवायचं, डोक्यावर फळी धरायची आणि कोयत्याने खूण करायची. दोन महिने खूण जागची हलेना. कोयत्याचीच खूण ती, जराशी हलली तरी कळणार कुणाला? आजोबांना जेवण जाईना.

आणि एका सोमवारी खूण चार बोटं वर गेली! आजोबांनी गावभर पेढे वाटले. मी त्यांच्या घरात, खांबापाशीच, पेढा तोंडात टाकला आणि सहज खाली पाहिलं. ओल येते म्हणून आदल्याच दिवशी आजोबांनी स्वतः मुरूम घालून, चोपून जमीन उंच केली होती. पोर नव्हे, घर वाढलं होतं.

मी चाचरत सांगितलं. पिंकीचं तोंड एवढंसं झालं. आजोबांनी कुदळ आणली, खांबापाशी जुन्या जमिनीपर्यंत खड्डा खणला आणि तिला त्यात उभं केलं. डोक्यावर फळी धरली. पहिल्या खुणेच्या वर अर्धं बोट भरलं.

“अर्धंच हाय,” आजोबा खाली बसून डोळे पुसत म्हणाले, “पन तिचं हाय रे! पेढे फुकट नाय गेले.”

तो खड्डा त्यांनी बुजवू दिला नाही. येणारा-जाणारा त्यात ठेचकाळतो. पिंकी आता सातवीत आहे आणि सोमवारी अजून न कुरकुरता त्यात उभी राहते. आजोबा मात्र पार वाकलेत. परवा फळी धरायला त्यांना पाट घ्यावा लागला, आणि पाटावर चढताना त्यांनी पिंकीच्याच खांद्याचा आधार घेतला.