काकांच्या फोनवर आत्याचा निरोप

दूर समुद्रातल्या वावाऊ बेटसमूहातल्या त्या लहान बेटावर सरकारी कचेरी म्हणजे तोकिलुपे, तिचं टेबल आणि एक संगणक. सगळ्या सेवा फोनवर आणायचा हुकूम आला, तेव्हा तिने आपल्या बेटाचं काम सर्वांच्या आधी उरकलं. ज्यांच्याकडे फोन नव्हता, त्यांच्या नावापुढे जवळच्या नातलगाचा नंबर टाकला. तिची आत्या लुसेआने हिच्या नावापुढे मोसेसे काकांचा, म्हणजे आत्याच्या सख्ख्या भावाचा.

वयात आल्यापासून भाऊ-बहीण तिथे एका छपराखाली झोपत नाहीत. बाईच्या अंगाच्या दुखण्याची गोष्ट तर भावाच्या कानावरही जाऊ देत नाहीत. नंबर टाकताना तोकिलुपेला हे आठवलं होतं. पण साहेब शाबासकी देत होते, आणि तिला पहिलं यायचं होतं.

एका सकाळी काका कचेरीत आले, चर्चला जाताना मान म्हणून बांधतात ती चटई कमरेला बांधून. फोन टेबलावर पालथा ठेवला.

"हा तुझ्याकडे राहू दे, पोरी. नाताळापासून बंदच आहे."

"बिघडला का?"

"तुझ्या आत्याचं काहीतरी येत होतं. पहिली ओळ वाचली, पुढे नाही वाचलं." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "तुझी काकू असती तर तिच्याकडून कळवलं असतं. मी कसं सांगू?"

तिने फोन चालू केला. छातीतली गाठ, ताबडतोब या, असे इस्पितळाचे निरोप एकाखाली एक. पूर्वी हेच बोटीवरून येणारी नर्स आत्याच्या कानात सांगून जायची.

तोकिलुपे घरी गेली तेव्हा आत्या चटई विणत बसली होती. निरोप ऐकल्यावर तिने आधी विचारलं, "मोसेसेने वाचलं?"

"नाही," तोकिलुपे खोटं बोलली.

आत्याने सुस्कारा सोडला. "त्या मशीनला काय कळतंय, भाऊ कोण नि बहीण कोण."

"मशीनने नाही, आत्या. नंबर मी टाकला."

"कळून-सवरून?"

"हो."

आत्याचे हात थांबले. ती म्हणाली, "मग बोटीत तूच बस माझ्याबरोबर. डॉक्टर काय म्हणेल ते माझ्या शेजारी बसून ऐक."

दुसऱ्या दिवशी बोट सुटली तेव्हा काका धक्क्याच्या पार टोकाला, समुद्राकडे पाठ करून उभे होते. आपल्याला काही ठाऊक नाही, असं बहिणीला वाटावं म्हणून. आत्या समाधानाने तिकडे बघत होती. तोकिलुपेला मात्र मान वर करवेना.