परडीतलं पीठ

तुळजापूरच्या घाटाच्या वरच्या अंगाला, रस्त्याकडेच्या लिंबाखाली कस्तुराबाई वडारीण पाटे-वरवंटे घडवत बसते. मागंच तिचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. नवरा गेल्यापासून छिन्नी-हातोडा तिच्याच हातात. घरोघरी मिक्सर आले आणि गिऱ्हाईक आटलं. तरी यात्रेकरू हौसेनं लहानसा खलबत्ता नेतात, आणि आईसाहेबांच्या कृपेनं चूल पेटते.

लेक शिवकन्या पुण्यात. दगड फोडताना जी भुकटी उडते ती वाळूऐवजी काँक्रीटमध्ये घातली तर ते कितपत टिकतं, यावर तिची पीएच.डी. चालली होती. भटक्या-विमुक्तांची पोरं विज्ञान-इंजिनिअरिंगात इतकी वर फार थोडी पोचतात, म्हणून त्यांच्यासाठी शिष्यवृत्ती निघाली. मुलाखत बुधवारी. ती हुकली तर संशोधन सोडून मिळेल ती नोकरी धरायची, दुसरी वाट नव्हती. आणि सोमवारी दिवेलागणीला पोरगी पिशवी घेऊन दारात उभी!

"मी मुलाखतीला जात न्हाय, आय."

खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलली. प्रयोगशाळेतली मैत्रीण सगळ्यांदेखत म्हणाली होती, "तुझं बरंय बाई, तुम्हाला नुसतं मागितलं की मिळतं."

"मी काय भीक मागती का गं?" शिवकन्येचे डोळे भरून आले.

"दगड फोडणाराची लेक, आन् एका शब्दानं फुटली व्हय?"

कस्तुराबाई हसली खरी, पण शिकलेल्या पोरीला काय सांगावं, हेच तिला उमजेना.

मंगळवारी सकाळी दारात हाळी आली, "आई राजा उदो उदो! जोगवा वाढा माय!"

बघते तर शिवांजलीवैनी. तिमजली लॉजची मालकीण, आज अनवाणी, गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी. सून दवाखान्यातून सुखरूप घरी आली तर पाच घरं जोगवा मागीन, असा नवस त्या भवानीआईला बोलल्या होत्या.

कस्तुराबाईचे हात दगडाच्या भुकटीनं माखलेले. "शिवू, वाढ गं."

शिवकन्येनं ओंजळभर ज्वारीचं पीठ आणलं, पण परडीपाशी हात अवघडला. "काकू, तुम्ही? आन् आमच्या दारात?"

"मग? आईच्या नावानं मागायचं तर थोरलं घर, धाकटं घर बघतात व्हय?" वैनी हसल्या. "खरं सांगू? पयल्या दाराशी लई लाज वाटली. तोंडातून हाक निघंना. माझंच नाव माझ्या आडवं आलं बघ. आता न्हाय वाटत. आज तुमच्या पिठाची भाकर माझ्या सुनंच्या ताटात जाणार."

त्यांनी पीठ कपाळाला लावलं, शिवकन्येला कुंकू लावलं आणि पुढच्या दाराकडं वळल्या.

"वैनींना कुणी भिकारीण म्हणलं का?" कस्तुराबाईनं हळूच विचारलं.

"ते देवाचं असतंय, आय. हे सरकारी हाय."

"व्हय, पर सरकारच्या परडीत घातलं कुणी? ह्या घाटाची खडी तुझ्या आज्यानं फोडली. त्याच रस्त्यानं लोकांची पोरं साळंला गेली. आपलीबी मूठ हाय त्यात. आन् लाज म्हणशील, तर वैनी काय म्हणाल्या ऐकलंस न्हवं? पयल्या दाराशी वाटतीच."

शिवकन्या उठली आणि लिंबाखाली साचलेली भुकटी हातानं गोळा करून पिशवीत भरू लागली.

"आता हे कशाला?"

"उद्या इचारतील, हे तुला सुचलं कुठनं. त्यांना दाखवती."

"दाखव की. पर यष्टीत खिडकीपाशी गाठ सोडू नगोस बाई, मागची मानसं आंधळी व्हतील!"

शिवकन्या दोन दिवसांत पहिल्यांदा खळखळून हसली. दुपारच्या पुण्याच्या गाडीत बसली तेव्हा तिच्या कपाळावर वैनींचं कुंकू तसंच होतं. कस्तुराबाईनं खिडकीतून हात घालून पिशवीची गाठ आणखी एकदा आवळली.